मागचा तंबोरा

रंगोजीअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते रेडिओला गाल लावून बसले होते. चामराजपेटेतल्या एका वठारात, म्हणजे एका अंगणाभोवतीच्या पाच-सहा बिऱ्हाडांत, मी नुकतीच भाड्याने राहायला आले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. जवळ गेले तर डोळे टक्क उघडे आणि बोटं मांडीवर ठेका धरत होती. मला पाहून म्हणाले, "कान गेले गं माझे. हाडाला स्वल्प ऐकू येतं. बस की."

कान आपण होऊन गेले नव्हते, ते खाल्ले गेले होते. अण्णांनी उभी हयात एका कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या यंत्रावर, काढली. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर लोखंड किंचाळायचं, आणि कानात घालायला कुणी कापसाचा बोळासुद्धा दिला नाही. निवृत्तीच्या दिवशी मात्र शाल दिली, हार घातला आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. "टिकटिक ऐकू येत नाही, म्हणून झोप चांगली लागते," असं ते हसत हसत सांगायचे. मला त्या घड्याळाकडे पाहिलं तरी संताप यायचा.

माझा संताप त्यांना चेहऱ्यावरून कळायचा. "काय निपाणी," ते म्हणायचे. माझं गाव निपाणी, म्हणून मला नावच ते पडलं होतं. "तंबाखूच्या गावची ना तू, लगेच डोक्याला चढतेस! लेथवर एक नेम असतो बघ. रागानं हात घातला की बोट जातं." त्यांची दहाही बोटं शाबूत होती. त्याचा त्यांना अभिमान होता.

त्यांचा मुलगा प्रकाश महादेवपुऱ्याच्या बाजूला सॉफ्टवेअरमध्ये होता. नव्वदचं दशक सरत आलं होतं. तो कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला जाऊन आला आणि येताना वडिलांसाठी एक एमपीथ्री प्लेअर घेऊन आला. पत्त्यांच्या कॅटाएवढी डबी, एक सेल आणि इअरफोन. अण्णांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"टेप कुठं हाय?"

"टेप नसते अप्पा. सगळं डिजिटल. कंप्युटरवरून गाणी भरायची."

"आत फिरतंय काय मग?"

"काहीच फिरत नाही!"

"हौदा, खरंच? फिरल्याबिगर वाजतंय?" लेथवरच्या माणसाला ते काही केल्या पटेना.

त्यात जेमतेम दहा-बारा गाणी मावायची. प्रकाशने अण्णांच्या आवडीची शोधून भरली होती, हे मी कबूल करते. अण्णांनी इअरफोन कानात घातले आणि आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला. पहिलाच एक संथ ख्याल होता. थोड्या वेळाने त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तंबोरा," ते म्हणाले. "मागचा तंबोरा लागला गं! किती वर्षं झाली, मला वाटलं हल्ली लोक तंबोरा वाजवतच नाहीत." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

मग रोज सकाळी अंगणातल्या बाकावर अण्णा आणि ती डबी. आवाज एवढा मोठा असायचा की त्यांच्या कानांतून सांडलेलं गाणं आम्हाला नळावर ऐकू यायचं. हे प्रकाशच्या लक्षात आलं आणि त्याने अण्णांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्या मोठ्या आवाजाने उरलेसुरले कानही लवकर जातील. प्रकाशने त्याच संध्याकाळी प्लेअर काढून घेतला.

"कान राखून ठेवायचे कशाला रे?" अण्णा ओरडले. त्यांना ओरडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. "तुझं भाषण ऐकायला? मशीननं खाल्ले तवा डॉक्टर कुठं होता? आता गाण्यानं जाऊ देत की!"

"अप्पा, हे तुमच्या भल्यासाठीच आहे," प्रकाश म्हणाला. दुसऱ्याचं काही काढून घ्यायचं असलं की माणसं हेच वाक्य वापरतात.

मी अण्णांच्या बायकोकडे, सुमित्राक्कांकडे पाहिलं. त्या पदराशी चाळा करत हळूच म्हणाल्या, "मी हाक मारली तर उद्या यांना ऐकू यायला नको काय, अक्का?" त्यांच्यावर मला रागावता येईना. म्हणून त्यांच्या वाटणीचा रागही मी प्रकाशवरच काढला.

कारण पुढच्याच आठवड्यात तो प्लेअर प्रकाशच्या कानात! कंपनीच्या बसमध्ये वेळ जात नाही म्हणे, नुसता पडून सेल खराब व्हायचा म्हणे. अण्णांची गाणी पुसून त्याने स्वतःची इंग्रजी भरली होती. अण्णा बाकावर बसलेले असायचे आणि हा त्यांच्यासमोरून कानात दोरी अडकवून, मान हलवत निघायचा. मी त्याला फाटकातच अडवलं. "लाज वाटत नाही? बापाच्या तोंडचा घास आहे तो."

"अक्का, हा आमच्या घरातला प्रश्न आहे," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा इअरफोन कानात घातले.

अण्णा परत रेडिओला गाल लावू लागले. वर्ष संपायच्या आत हाडालाही ऐकू येईनासं झालं. गाणं न ऐकता, इतकी काळजी घेऊन राखलेले कान गेलेच. सुमित्राक्कांची हाकही त्यांना ऐकू येईना. डॉक्टर म्हणाले, आता राखण्यासारखं काही उरलेलं नाही.

तेव्हा प्रकाशने प्लेअर परत आणला. जुनी गाणी पुन्हा भरून! त्याने अण्णांच्या हातात डबी ठेवली आणि बोटाने खूण केली, लावा, हवा तेवढा मोठा लावा. अण्णांनी इअरफोन घातले. तोच ख्याल सुरू झाला. नळावरच्या बायका थांबल्या, अंगणभर बारीक सूर पसरला. अण्णा वाट पाहत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"लागलंय काय गं?"

मी 'हो' अशी मान हलवली.

त्यांनी इअरफोन काढले, प्रकाशला जवळ ओढलं आणि स्वतःच्या हाताने त्याच्या कानात घातले. प्रकाश कळवळला आणि त्याने ते उपसून काढले.

"सोसत नाही न्हवं?" अण्णा शांतपणे म्हणाले. "मला एवढ्या मोठ्या आवाजात तवा तंबोरा ऐकू यायचा. साकु, पुरे झालं. ठेव तुझ्याकडंच."

पुढे दोन-तीन वर्षांत अण्णा गेले. भेटायला आलेल्या लोकांना प्रकाश सांगत होता, "शेवटपर्यंत आम्ही अप्पांच्या कानांची फार काळजी घेतली." समोर आलेली कॉफी तशीच ठेवून मी उठले.

रागानं हात घातला की बोट जातं, असं अण्णा म्हणायचे. जाऊ दे. माझं एक गेलेलं चालेल.