रंग काढून टाकलेला प्रिंटर

कचेरीत होतो तेव्हा माझ्याकडे फायली साचायच्या. निवृत्त झाल्यावर किस्से साचतात, कारण रोज संध्याकाळी मी मालवणच्या बाजारात गजाच्या फोटो स्टुडिओत बसतो. गिऱ्हाईक आलं तर खुर्ची सोडायची, असं ठरलेलं आहे. तशी वेळ सहसा येत नाही.

*

मोबाइलमध्ये कॅमेरे आले, काळ्यापांढऱ्या फोटोंचा कागद मिळेनासा झाला आणि गजाच्या डार्करूममध्ये कांदे-बटाटे राहायला आले. गजा हरेना. मेहुण्याच्या सायबर कॅफेने टाकून दिलेला रंगीत प्रिंटर त्याने आणला, कार्ट्रिजमधले रंग धुऊन काढले आणि प्रत्येकात काळी शाई भरली. एकात दाट, एकात पातळ, एकात त्याहून पातळ. करड्या छटा म्हणे अशाच मिळतात.

गजाची बायको सुलभावहिनी म्हणाल्या, "लोक काळ्याचा रंगीत करतत, आमचो घो रंगीताचा काळा करता." मग निकाल दिला, "चतुर्थीपर्यंत एक तरी ऑर्डर इली नाय, तर ह्यो डबो भंगारात."

*

शाई भरायला सिरिंज हवी होती. औषधाच्या दुकानदाराने आपुलकीने विचारलं, "कोण आजारी आसा?"

"प्रिंटर," गजा म्हणाला.

"मगे गोळी तुका देतंय," दुकानदार म्हणाला.

*

पहिला प्रिंट गजाने स्वतःच्या लग्नाच्या फोटोचा काढला. एक कार्ट्रिज नीट धुतलं गेलं नव्हतं. नवरदेव निळा आला.

"कृष्णासारखो दिसतंय मां?"

वहिनींनी फोटो उजेडात धरला. "कृष्ण खंयचो? साप चावल्यासारखो दिसतस."

*

पावसात शाई वाळेना. गजाने प्रिंट चुलीवरच्या शिंक्यात ठेवले. शिंक्यात आधीपासून सुके बांगडे होते.

मी म्हटलं, "फोटोतल्या माणसाला आजवर वास नव्हता. ही उणीव तू भरून काढलीस."

*

खरी अडचण निराळीच होती. रंगीत फोटो जिवंत माणसाचा आणि काळापांढरा हार घालायचा, अशी वाटणी आमच्या लोकांनी परस्पर करून टाकली आहे. बाळाच्या वाढदिवसाचा फोटो काढायला आलेल्या मंडळींना गजा करड्या छटांचं सौंदर्य समजावू लागला. आजीने बाळाला उचललं आणि थेट रिक्षात जाऊन बसली.

*

चतुर्थी तोंडावर आली. ऑर्डर एकही नव्हती. तेव्हा गजाने भिकूतात्यांचा मोठा प्रिंट काढून शोकेसमध्ये लावला आणि वर बल्ब सोडला. तात्या एके काळचे होडीवाले. आयुष्यभर सगळ्यांशी भांडले, त्यामुळे त्यांच्याबद्दल बरं बोलणारा माणूस बाजारात सापडणं कठीण. पण चेहरा असा सुरकुतलेला की करड्या छटांचं चीज व्हावं.

दुपारपर्यंत तात्यांच्या घरापुढच्या खळ्यात अर्धा बाजार डोळे पुसत बसला होता. घरात दुसरं कोणी नव्हतं आणि तात्या आत आडवे झाले होते. माडांच्या हद्दीवरून त्यांच्याशी कोर्टात भांडणारा शेजारी म्हणत होता, "देवमाणूस गेलो." बरंच काही ऐकून झाल्यावर तात्या बाहेर आले आणि खळं रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या काठी आपटत स्टुडिओकडे येताना दिसले. गजाने शटर अर्धं ओढलं. वहिनी म्हणाल्या, "भंगारवाल्याक आजच बोलवतंय."

तात्यांनी काठीने शटर वर सारलं. गजा घाईघाईने शोकेसमधला फोटो काढायला धावला.

"हात लाव बघया," तात्या म्हणाले. "ह्यो थंयच रवांदे. आणि ह्येच्याहून मोठो एक घराक लावूक काढून दी. वेंगुर्ल्याचो माझो मेवणो आजून रडूक येवक नाय."