हातभर तोकडं आढं

पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारायच्या दिवशी आमच्याकडे एक उद्योग चालतो. कौलं चाळून झाली, की घरातले सगळे बाप्ये ओट्यावर ओळीनं बसतात, कोपर टेकवतात आणि हात लांब करतात. ज्याचा हात सगळ्यांत तोकडा, त्यानं त्या दिवशी पंगतीला वाढायचं. बायकांचे हात मोजायचे नाहीत, ते वर्षभर वाढतातच. नव्या सुनांना हे फार आवडतं. सासरा कमरेत वाकून भात वाढतोय, हे त्यांना दुसऱ्या कुठल्या घरी बघायला मिळणार? शेजारपाजारचे हसतात. हसू देत. ही रीत कुठल्या पोथीत नाही, आमच्या घरानं केलेली आहे, आणि ती का केली हे सांगायला आता मीच उरले आहे.

लग्न होऊन मी आले तेव्हा घर एकत्र होतं. कराडच्या बाजूला, कृष्णेकाठचं गाव. सासूसासरे लवकर गेलेले, त्यामुळे थोरल्या दिरांनीच आमच्या मालकांना लहानाचं मोठं केलेलं. पुढं लढाई सुरू झाली आणि मालक एक दिवस बाजारला म्हणून गेले ते पलटणीत नाव घालूनच परत आले. आमच्या गावात घरटी एक शिपाई होता, त्यात वाईट काहीच नव्हतं. पण थोरल्याला विचारलं नाही, हे वाईट होतं. दीर एवढंच म्हणाले, "सरकारला इच्यारलंस, मला न्हाई. मग ऱ्हा आता सरकारच्या घरात."

मालक गेले आणि दिरांनी घराच्या मधोमध कच्च्या विटांची भिंत घातली. आपल्या बाजूला बोळात नवं दार पाडलं. जुनं पुढचं दार माझ्या वाट्याला आलं. भिंत मात्र आढ्यापर्यंत नेली नाही. विटा संपल्या की राग संपला, देव जाणे. वरच्या मोकळ्या जागेतून माझी जाऊ उखळावर चढून विचारायची, "धाकटे, कोरड्यास काय केलंयस गं?" आणि मी काही म्हणायच्या आत तिची वाटी भिंतीवर आलेली असायची. दिरांना हे पक्कं ठाऊक होतं. त्या वेळेला ते न चुकता गोठ्यात असायचे.

लढाई संपली, मालक धडधाकट परत आले. गाव भेटायला आलं, भिंतीपलीकडून कोणी आलं नाही. मालकही गेले नाहीत. दोघेही एकाच मातीचे, वाकतील कशाला! तोवर घराची पार रया गेली होती. आढं, म्हणजे छपराची मधली तुळई, दोन्ही बाजूंना मिळून एकच होतं, आणि माझ्या बाजूनं त्याला वाळवी लागली होती. वासे खाली बसले होते. मालक म्हणाले, "पावसाच्या आत छप्पर झालं तर ऱ्हायाचं. न्हाईतर आपला वाटा सोडायचा आन सांगलीला जायाचं. गिरनीत पहारेकरी घ्यायला लागल्यात."

मला सांगली नको होती. सांगली वाईट नाही, माझी मावशी तिथं सुखानं नांदली. पण एकटीनं ते घर सारवून, राखून, पावसात पातेली मांडून मी सांभाळलं होतं. मला तेच घर हवं होतं, आणि खरं सांगायचं तर जावेसकट हवं होतं.

सुतार आला. गडी बोलका, कामापेक्षा तोंड जास्त चालणारा, पण एक गोष्ट त्यानं खरी सांगितली: अर्धं आढं बदलता येत नाही. बदलायचं तर दोन्हीकडची कौलं उतरवायला हवीत. मी उखळावर चढून जावेला हे सांगितलं. जावेनं नवऱ्याशी काय वाद घातला ते मी ऐकलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिनं निरोप दिला, "कौलं उतरा म्हनत्यात. पर भिंतीला हात लावायचा न्हाई."

मालकांनी लाकडाचं माप घेतलं. पलटणीत त्यांना फूट-इंच शिकवले होते, पण गावात फूट म्हटलं तर 'आला मोठा साहेब' म्हणतील, अशी त्यांना भीती. म्हणून त्यांनी जुन्या रीतीनं, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत आपला हात धरून मोजलं. अठरा हात भरले. मलकापूरच्या वखारीत जाऊन त्यांनी अठरा हात सांगितले, आणि वखारवाल्यानं आपल्या हातानं अठरा मोजून कापून ठेवले. आमचे मालक ताडमाड उंच. वखारवाला मालकांच्या कानाला लागणारा. पुढं काय झालं ते सांगायला नको.

दोन्ही घरांची कौलं उतरलेली, वासे काढलेले, वर नुसतं आभाळ. गड्यांनी आढं वर चढवलं, आमच्याकडचं टोक भिंतीवर नीट बसलं, आणि दिरांच्या बाजूचं टोक हातभर अलीकडेच राहिलं. सुतार म्हणाला, "मी तवाच म्हनलं हुतं." तो काहीही म्हणाला नव्हता. आढं परत खाली आलं. दुसरं लाकूड मिळेपर्यंत पाऊस गाठणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मालक त्या लाकडावर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सामान बांद. सांगलीला जाऊ."

माझा संताप झाला. सगळ्या गड्यांदेखत मी म्हणाले, "तुमी जावा. मी न्हाई येनार. तुमी बोटीत बसून गेलासा तवाबी मी हितंच हुते."

तेवढ्यात दीर पुढं आले. ते कधी येऊन उभे राहिले होते, आम्हाला कळलंच नव्हतं. मी चटकन पदर पुढं ओढला. ते लाकडाशी बसले आणि आपल्या हातानं ते मोजत गेले. त्यांच्याही हातानं ते अठराला जरा कमीच भरलं. मग त्यांनी मालकांचं मनगट धरलं, त्यांचा हात आपल्या हाताला कोपरापासून लावून बघितला. मालकांची बोटं पुढं गेली होती. दीर त्या बोटांकडं बघून म्हणाले,

"तुजा हात माज्यापरास लांब कवा झाला रं?"

बंदुकीपुढं न डगमगलेले मालक मान खाली घालून म्हणाले, "दादा, न इच्यारता झाला."

मला रडू आवरेना. जाऊ तर भिंतीपलीकडं मोठ्यानंच रडत होती.

दीर उठले. बोळात जाऊन त्यांनी पहारीनं आपल्या दाराची चौकट उखडायला घेतली. तिचा उभा खांब सागाचा, चांगला पुरुषभर उंचीचा. तो खांद्यावर घेऊन आले आणि सुतारापुढं टाकला. "ह्यो जोड घाल. वरनं लोखंडी पट्ट्या मार." सुतार म्हणाला, "आवं, पर तुमच्या दाराचं काय?" दीर म्हणाले, "एका घराला दोन दारं कशाला लागत्यात?"

चौकटीच्या जागी त्यांनी त्याच दिवशी दगड रचले. आढं चढलं. जावेनं आणि मी मिळून त्याला खण-नारळ बांधला, आणि भिंतीला मालकांनी नाही, दिरांनीच खिंडार पाडलं. हाताचा तो खेळ जावेनं पुढच्या वर्षी काढला. पहिल्याच वर्षी दिरांना वाढावं लागलं, आणि त्यांनी सगळ्यांच्या पानात मुद्दाम मीठ दोनदा वाढलं.

पण आढं चढलं त्या संध्याकाळचं मला जास्त आठवतं. वैरण आणायला गेलेले दीर शेतातून परतले. इतकी वर्षं ते बोळातून घरी येत. आज ते पुढच्या दाराशी आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. धाकटी भावजय घरात असली, की थोरल्या दिरानं शिरण्याआधी खाकरायचं, म्हणजे ती पदर सावरते, अशी आमच्याकडची रीत. ते एकदा खाकरले. मी चुलीपाशी होते, लगबगीनं उठले. आत यायचा त्यांना धीर होत नव्हता, ते पुन्हा खाकरले.

भाकरी थापता थापता जाऊ ओरडली, "आवं, सोताच्या घरात किती येळा खाकरायचं!"