मास्तरांच्या कविता साभार परत

ओब्दुलियाबाईंची कविता न वाचलेल्या माणसालाही आमच्या हलापा गावात त्यांच्याबद्दल एक गोष्ट ठाऊक असायची. ज्या मास्तरांनी या बाईला कविता शिकवली, त्यांच्याच कविता तिनं परत केल्या. मी बाईंच्या मासिकात प्रुफं तपासायला होते. तेव्हा जे घडलं ते माझ्यासमोरच घडलं.

बाई मूळच्या डोंगराखालच्या कोआतेपेकच्या. वडील कॉफीच्या खळ्यावर पोती वजन करायचे. घरात पुस्तक म्हणजे एक प्रार्थनेचं आणि एक गुरांच्या औषधांचं. मुलींच्या शाळेत एवेलियो मास्तर होते. ते स्वतः कविता करत आणि वर्गात बाकावर छडी आपटून ओळीचा ताल मोजायला लावत. ओब्दुलिया त्यांची लाडकी. त्यांच्या घरचं पुस्तकांचं कपाट तिला उघडं असायचं. मास्तरांच्या पत्नी, अम्पारोकाकू, तिला मोलेच्या तिखट, दाट रश्श्यात बुडवलेली मक्याची टोर्टिया खायला घालायच्या आणि म्हणायच्या, "आधी खा, मग वाच. डाग पडले तर हे मलाच ओरडतात."

शाळा संपल्यावर बाई हलापाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या. लोकांचे फोन जोडता जोडता कविता करत. पहिलं पुस्तक निघालं ते लोकांना आवडलं. ते छापणारे क्रिसोफोरो एक दिवस त्यांना म्हणाले, "मला मासिक काढायचंय. कागद, शाई, यंत्र माझं. डोकं तुमचं. जमेल?"

"कोणाच्या वशिल्यानं काही छापणार नाही," बाई म्हणाल्या.

"माझ्याही?"

"तुम्ही कविता करता?"

"छे हो!"

"मग जमेल."

मासिकाचं नाव ठेवलं 'चिपीचिपी'. आमच्याकडे हिवाळ्यात दिवसेंदिवस जी बारीक बुरबुर पडत राहते, तिचं हे नाव. स्वतःची कविता स्वतःच्या मासिकात छापायची नाही, असा बाईंचा नियम होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

दुसऱ्याच वर्षी एवेलियो मास्तरांच्या कविता आल्या. बाईंनी त्या आधी मनात वाचल्या, मग उभं राहून मोठ्यानं वाचल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एर्मिनिया, या मास्तरांनी नाही लिहिलेल्या. मास्तरांच्या सवयीनं लिहिल्यात."

"छापून टाका ना. म्हातारा माणूस आहे. कोण बघतंय?"

"ते स्वतः बघतील की!"

साभार परतीची चिठ्ठी पाठवायला मन धजेना, म्हणून त्या स्वतः बसनं कोआतेपेकला गेल्या. मला सोबत नेलं. मास्तर ओसरीवर आरामखुर्चीत होते. अम्पारोकाकूंनी कॉफी आणि गोड पाव आणून ठेवला. बाईंनी कागद मांडीवर ठेवून सरळच सांगितलं की या कविता घेता येणार नाहीत.

मास्तर म्हणाले, "ओळ म्हणजे काय, हे तुला कोणी शिकवलं, पोरी?"

"तुम्हीच, मास्तर."

"मग?"

"म्हणूनच परत आणल्या. दुसऱ्या कोणाच्या असत्या तर छापल्याही असत्या."

मास्तर उठले. "कॉफी पिऊन जा आणि पुन्हा या घराची पायरी चढू नकोस," म्हणाले आणि आत गेले. बाईंनी कॉफीला हात लावला नाही. परतताना बसमध्ये त्या रडल्या, पण कविता घेतल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काही म्हणाल्या नाहीत.

कोआतेपेकच्या लोकांनी बाईंना सोडलं नाही. बाजारात खाटीक त्यांच्या आईला म्हणाला, "तुमच्या लेकीला हे मांस पसंत पडेल ना? की हेही परत पाठवेल?" बाईंच्या धाकट्या भावाच्या लग्नात मास्तर आले, पण बाई दिसताच खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले. बारा वर्षं त्यांच्यात शब्द नव्हता.

शब्द नव्हता म्हणजे समोरासमोर नव्हता. मास्तर महिन्यातून एकदा हलापाला यायचे, चौकातल्या फिदेन्सियोच्या पेपर स्टॉलवर 'चिपीचिपी'चा ताजा अंक घ्यायचे, तिथेच उभ्या उभ्या चाळायचे आणि मोठ्यानं सांगायचे, "एकोणिसाव्या पानावर स्वल्पविराम खाल्लाय. सांग तुझ्या बाईला." फिदेन्सियो हसत येऊन निरोप द्यायचा. मी अंक उघडून बघायचे, तर खरंच स्वल्पविराम नसायचा. बाई मला बोलायच्या, पण त्या दिवशी खुशीत असायच्या. "म्हातारा शेवटच्या पानापर्यंत वाचतो," म्हणायच्या.

त्या वर्षांत मासिकाचं नाव राजधानीपर्यंत गेलं. ट्रक दुरुस्त करणारा एक जण, मठातली एक जोगीण, असे कोणाच्या खिजगणतीत नसलेले कवी बाईंनी पुढे आणले. एका मोठ्या अधिकाऱ्याची सुनीतं परत केली, तेव्हा सरकारी जाहिराती बंद झाल्या आणि अंक निम्मा झाला. क्रिसोफोरो म्हणाले, "बरं झालं, शाई वाचली." बाईंचं स्वतःचं दुसरं पुस्तक मात्र या सगळ्यात फार उशिरा निघालं. दुसऱ्यांच्या ओळी दुरुस्त करून रात्री घरी गेल्यावर स्वतःची ओळ सुचत नाही, असं त्या म्हणायच्या.

मग अम्पारोकाकू गेल्या. बाई चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून आल्या. त्यानंतर फिदेन्सियोकडून निरोप येणं थांबलं. एक अंक गेला, दुसरा गेला. तिसऱ्यात माझ्या हातून एका कवीचं आडनाव चुकलं, तरी कोणी काही बोललं नाही. बाई अस्वस्थ झाल्या. "चल," म्हणाल्या.

मास्तर त्याच ओसरीवर होते. डोळ्यांवर पांढरट पडदा आला होता.

"कोण आहे?"

"ओब्दुलिया."

"पायरी चढू नको म्हटलं होतं."

"कॉफी पिऊन जा, असंही म्हटलं होतंत. ती प्यायची राहिली."

मास्तर हसले नाहीत, पण हाकललंही नाही. कॉफी मीच केली. ती पिता पिता ते म्हणाले, "वाचता येत नाही आता. लिहिताही येत नाही. डोक्यात थोडं काही आहे, ते ऐकतेस?" आणि त्यांनी म्हणायला सुरुवात केली. सगळ्या कविता अम्पारोकाकूंवर होत्या. त्यांच्या टाच झिजलेल्या चपला, शेंगा सोलताना पुटपुटणं, नवऱ्यावर रुसून मुद्दाम खारट केलेलं सूप. शाळेत मोजायला लावलेला ताल कुठेच नव्हता.

बाई बोटांवर ओळी मोजत राहिल्या. मास्तर चिडले. "बोल की! परत करणार का?"

"तिसरीत एक ओळ जास्त आहे."

"कुठली?"

"शेवटची."

"तीच तर सगळ्यात चांगली आहे!"

"चांगली आहे, पण तीत काकू नाहीत. तुम्हीच आहात."

मास्तरांनी कविता पुन्हा म्हटली, शेवटची ओळ सोडून. मग म्हणाले, "हं. काढ."

त्यानंतर दर गुरुवारी आम्ही दोघी कोआतेपेकला जायचो. ते सांगायचे, मी लिहायचे आणि दोघं भांडायचे. एकदा एका 'आणि'वरून इतकं वाजलं की शेजारीण बघायला आली. मग 'चिपीचिपी'चा एक अख्खा अंक मास्तरांच्या कवितांचा निघाला. लोक हळहळले, काही जण रडले, आणि लगेच कुजबुज सुरू झाली की म्हाताऱ्याला हे जमणं शक्य नाही, हे बाईंनीच लिहिलंय. एका समारंभात राजधानीतून आलेल्या प्राध्यापकानं हे आडून सुचवलं. पहिल्या रांगेतून मास्तर काठी टेकत उठले.

"ही लिहिणार? अहो, हिला एक ओळ लिहायला वर्ष लागतं! हिला फक्त खोडता येतं."

सगळे हसले. सगळ्यात जास्त बाई हसल्या.

मास्तर पुढच्या हिवाळ्यात गेले. क्रिसोफोरोंच्या मुलांनी छापखाना विकला, तेव्हा मासिक बंद पडलं. बाईंनी नवीन काढलं नाही. म्हणाल्या, आता स्वतःचं लिहीन. लिहिलंही, पण पुस्तक व्हायच्या आत त्यांना न्यूमोनियानं नेलं.

ते पुस्तक करायचं काम त्यांच्या भावानं मला दिलं. मी चार कविता गाळल्या. तो माझ्या घरी येऊन ओरडला, "मेलेल्या माणसाच्या कवितासुद्धा गाळता तुम्ही?" मी त्याला बसवलं, त्या चारही कविता मोठ्यानं वाचून दाखवल्या आणि राहिलेल्याही वाचल्या. त्याला पटलं की नाही ते मला कळलं नाही. पुस्तक त्या चार कवितांशिवायच निघालं.