बारा मनगटांवरचा मोतीराम

नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवर उत्तमरावांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. माणूस सरळ, फक्त आठ दिवस म्हणाला की महिना समजायचा. त्यांची मुलगी योगिनी मात्र बोलल्या दिवशी काम देते. ही कोणावर गेली, असं मी त्यांना दर भेटीत विचारतो.

म्हाताऱ्यांच्या हातावरचं गोंदण बायकांच्या घड्याळात उतरवायचं, असं योगिनीनं ठरवलं. काच काढायची, डायलवर बारीक ब्रशनं तुळस, ठिपके, वेल रंगवायचे.

"पोरी गोंदण लपवाले बाह्या लांब शिवतात, अन् तू तेच विकतं?" उत्तमराव म्हणाले. "बारा कर. संक्रांतीच्या हळदीकुंकवात बाराही खपली तं खिडकीजवळचं माहं टेबल तुहं. नाही तं हे बंद."

नमुना घेतला शेजारच्या अन्नपूर्णाबाईंच्या मनगटावरून. साठ वर्षांत गोंदण पसरलेलं. तुळशीखालचा वेल योगिनीनं कागदावर जसाच्या तसा उतरवला.

हळदीकुंकवाला अन्नपूर्णाबाईंनी एक घड्याळ डोळ्यांजवळ धरलं आणि ओरडल्या, "काऊन वं योगिने, माह्या माणसाले बारा जणींच्या हातावर बांधून राह्यली का?"

तो वेल नव्हताच. लग्नात गोंदवून घेतलेलं नवऱ्याचं नाव होतं, मोतीराम. हातात घेतलेली घड्याळं बायकांनी पटापट खाली ठेवली. दुसरीचा नवरा मनगटावर कोण मिरवणार? मी ही गोष्ट फारशी कोणाला सांगितली नाही. पानठेला, बसस्टँड आणि पोस्ट, एवढंच.

दुसऱ्या दिवशी शर्त संपली असं धरून उत्तमराव खिडकीजवळ आपली हत्यारं मांडायला लागले. योगिनीनं ती उचलून बाजूला ठेवली.

"हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत राह्यते, बाबा."

अकरा डायलवरचं नाव तिनं खरवडून काढलं आणि घरोघर गेली. जिला घड्याळ हवं, तिच्याच आईचं किंवा सासूचं गोंदण त्यावर. मात्र प्रत्येक म्हातारीला आधी विचारायची, "आजी, याच्यात आजोबा नाहीत न?" सगळ्या आळीत हसू. रथसप्तमीच्या सकाळपर्यंत अकरा गेली.

बारावं तिनं खरवडलं नव्हतं. ते घेऊन ती अन्नपूर्णाबाईंकडे गेली.

"फुकट नको," म्हातारी कमरेची पिशवी सोडत म्हणाली. "बापाची शर्त विकाची हाये न तुही? मले समदं ठाऊक हाये."

"डावा हात द्या, आजी."

"डाव्यावर ते हायेत न! त्यायले कायले झाकतं? उजव्यावर बांध."

परवा गेलो, तर उत्तमराव आतल्या टेबलावर डोळ्याला भिंग लावून बसले होते.

"उजेड कमी पडत असंल, नाही का?" मी विचारलं.

"पडते न," ते पुटपुटले.

खिडकीजवळून योगिनीनं मान न उचलता टेबलदिवा त्यांच्याकडे सरकवला.