मुकुंदाच्या टंकीतले हिरवे पाणी

घरातल्या माशांच्या टंकीतले पाणी हिरवे का होते आणि ते पुन्हा नितळ कसे करावे, या एका प्रश्नाचे उत्तर शोधायला मी काही वर्षांपूर्वी निघालो होतो. उत्तर मिळाले, मी ते कागदावर उतरवले, आणि ते पुरे आहे असे धरून चाललो. त्यात एक ओळ कमी होती, हे मला मुकुंदा गेल्यानंतर कळले.

मुकुंदा कानडे माझा शाळेपासूनचा मित्र, इथल्या रेल्वेच्या आरक्षण खिडकीवरचा कारकून. सहा आठवड्यांपूर्वी तो गेला. मी शाळेत शिकवतो; दुसरा तास चालू होता. शिपाई वर्गाच्या दारात येऊन हळूच म्हणाला, “सर, कानडेजी नहीं रहे. घर से फोन आया है.” फळ्यावर डोळ्याची आकृती अर्धी झाली होती. मी ती पूर्ण केली, भागांना नावे दिली, आणि मग खडू खाली ठेवला. याची आता लाज वाटते, पण त्या क्षणी हातांना दुसरे काही सुचले नाही...

टंकी आली ती मुकुंदाच्या वडिलांसाठी. नाना तारखात्यातून निवृत्त झालेले. रोज सकाळी फ्रीगंजातून सायकलने रामघाटावर जायचे, कणकेच्या एकवीस गोळ्या क्षिप्रेतल्या माशांना घालायच्या, आणि घरी परतल्यावरच तोंडात पहिला घास घ्यायचा, हा त्यांचा नेम. एका पावसाळ्यात ते ओल्या पायरीवरून घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. हात शाबूत राहिले, चालणे संपले. आठवडाभर सून शोभावहिनी ताट घेऊन खाटेपाशी बसायच्या आणि नाना म्हणायचे, “मासे उपाशी आहेत, वहिनी.” सुनेला ते वहिनीच म्हणत.

ते दिवस फ्रीगंजात महिन्याला एखादे नव्या तऱ्हेचे दुकान उघडण्याचे होते. जिथे सायकली दुरुस्त होत, तिथे एके दिवशी रंगीत माशांचे दुकान आले. मुकुंदाने तिथून काचेची टंकी, हवेचा पंप आणि आठ मासे आणले. नानांची खाट पूर्वेच्या खिडकीला लागून होती, म्हणून टंकी खिडकीतच ठेवली. हात लांब केला की पोहोचावी. “घाट तुमच्यापाशी आणला, नाना,” तो म्हणाला. नानांनी त्याच सकाळी एकवीस गोळ्या वळून टंकीत टाकल्या आणि ते पोटभर जेवले.

बाराव्या दिवशी पाणी हिरवे झाले. मासे दिसेनात; मधूनच एखादी शेपटी काचेशी यायची आणि नाहीशी व्हायची. शेजारचे शर्माजी डोकावून म्हणाले, “कानडेजी, भांग घोट रखी है क्या?” सगळे हसले, नाना सोडून.

मुकुंदाने मग ती चूक केली जी कोणताही स्वच्छताप्रिय माणूस करतो. सगळे पाणी उपसले, काच आणि वाळू घासली, आणि नळाचे ताजे पाणी भरले. नळ एक दिवसाआड यायचा, त्यामुळे त्या दिवशी घरातली धुणी राहिली. दुसऱ्या दिवशी दोन मासे मेले. दहा दिवसांत पाणी पुन्हा हिरवे. असे तीनदा झाले. नानांनी त्यातून आपला निष्कर्ष काढला होता. ते एकदाच बोलले, तेही भिंतीकडे पाहत... “माझ्याच हातानं मरताहेत.”

तेव्हा मुकुंदाने मला बोलावले. मी लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या मागून घेतल्या. तिन्हींत रात्रभर ठेवलेले पाणी भरले आणि टंकीतले हिरवे पाणी चमचा-चमचा घातले. पहिल्या बरणीत कणकेची गोळी टाकून ती उन्हात ठेवली. दुसरी उन्हातच, पण गोळीविना. तिसरीत गोळी टाकून ती कपाटात बंद केली. बारा दिवसांनी पहिली गडद हिरवी झाली होती, दुसरीवर जेमतेम हिरवी झाक होती, आणि तिसरी पांढुरकी, वास मारणारी, पण हिरवी मुळीच नाही. हिरवेपणा म्हणजे पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म शेवाळ. त्याला वाढायला ऊन लागते आणि खत लागते. खत म्हणजे उरलेले अन्न आणि माशांची विष्ठा. सगळे पाणी बदलून शेवाळ जात नाही, कारण खिडकी आणि कणीक जागच्या जागीच राहतात. उलट नळाच्या ताज्या पाण्यातले जंतुनाशक औषध माशांना बाधते, आणि घाण पचवणारे, वाळूत राहणारे उपयोगी जिवाणू घासण्यात निघून जातात.

मी चार सूचना लिहून दिल्या. एक: टंकी खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीला ठेवावी. दोन: चार दिवस ती जाड कापडाने चहूबाजूंनी झाकावी आणि पंप चालू ठेवावा. तीन: आठवड्यातून एकदा फक्त चौथा हिस्सा पाणी बदलावे, तेही दिवसभर साठवून ठेवलेले. चार: खाणे चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल इतकेच; कणीक बंद. कागद मुकुंदाच्या हाती दिला आणि नानांना समोर बसून, वर्गात सांगावे तसे, सगळे समजावून सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, “म्हणजे कणकेनंच मरत होते?” मी होय म्हणालो. उत्तर बरोबर होते.

चौथ्या दिवशी मुकुंदा ड्यूटीवर जाण्याआधी माझ्याकडे आला. मी विचारले, पाणी कसे आहे. तो म्हणाला, “पाणी होईल रे साफ. नाना जेवत नाहीत. तुझ्या कागदावर त्याचं काही लिहिलेलं नाही, गुरुजी.”

मी म्हणालो की सवय व्हायला वेळ लागेल. तो सायकलवर बसून गेला. त्याने जे केले ते मला दोन दिवसांनी, त्याच्या घरी गेलो तेव्हा दिसले. नाना सकाळी पूर्वीसारख्याच एकवीस गोळ्या वळत होते. वीस एका स्टीलच्या डबीत जात, आणि ती डबी घेऊन मुकुंदा ड्यूटीआधी रामघाटावर जाई. एकविसावी गोळी ज्वारीच्या दाण्याएवढी केलेली, ती टंकीत. तो घाटावरून परतून “झालं, नाना” म्हणाला की नाना ताटाला हात लावत. खाट फिरवून टंकीसमोर आणली होती, आणि टंकीवरचे कापड तीनच बाजूंना होते. खाटेकडची काच उघडी. मी हरकत घेतली, की चार दिवसांचे काम आता लांबेल.

“लांबू दे,” मुकुंदा म्हणाला. “नापास नाही ना होणार?”

ते लांबले. पाणी नितळ व्हायला अकरा दिवस लागले, पण झाले. त्यानंतर मासे मेले नाहीत. नानांनी आणखी चार वर्षे खाटेवरून ते पाहिले आणि एका सकाळी, जेवण झाल्यावर, शांतपणे गेले. मुकुंदाची डबी मात्र थांबली नाही. गोळ्या आता तो स्वतः वळायचा आणि घाटावरून परतल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचा नाही. मी त्याला एकदा चिडवले, की नेम आता तुला लागला. तो म्हणाला, “मला नाही रे. माशांना लागलाय.”

मुकुंदाच्या तेराव्यानंतर शोभावहिनींनी मला बोलावले. भेटायला येणारा प्रत्येक जण टंकीत काही ना काही टाकत होता, आणि पाण्यावर पुन्हा हिरवी झाक आली होती. मी टंकीचे लाकडी झाकण उचलले. आतल्या बाजूला, प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेला, माझाच कागद होता. शाई फिकट झालेली, चारही सूचना वाचता येत होत्या. खाली आरक्षणाच्या फॉर्मवर लिहावे तशा सुट्या, टोकदार अक्षरांत मुकुंदाने लिहिले होते, “पाच: खाटेवरून मासे दिसले पाहिजेत.”

वहिनी खाटेवर बसल्या होत्या. हल्ली दिवसाचा बराच वेळ त्या तिथेच असतात. मी जाड चादर मागितली, टंकीच्या तीन बाजू झाकल्या आणि खाटेकडची बाजू उघडी ठेवली. डबी कपाटावर होती. ती आता सकाळी शाळेआधी मी नेतो.

पाणी या वेळी नवव्या दिवशी नितळ झाले. माझ्यावर विश्वास ठेवावा असे मी म्हणत नाही. तीन बरण्या, तीन चमचे हिरवे पाणी आणि कणकेच्या दोन गोळ्या कोणत्याही घरात जमतील. पहिल्या चार सूचना वाचकांनी त्यावर तपासाव्यात. पाचवीला बरण्या पुरणार नाहीत. तिच्यासाठी घरात खाटेवर कोणी असेल, तर टंकी त्यांच्यासमोर ठेवून पाहावी, आणि पाणी किती दिवसांनी नितळ झाले ते मोजावे.