धवल्यांची डिस्क

पेणकरपाड्याचा निकेत म्हणजे तोंड कधी पोळलेलं नसतानाही ताक फुंकून पिणारा माणूस. कुलूप लावून जिना उतरला की पुन्हा वर जाऊन ते ओढून बघणार. रत्नागिरीहून आलेल्या आईबापांचा हा मुलगा लोकांचे सर्व्हर सांभाळतो, आणि आजवर त्याच्या हातून कुणाची एक फाईल हरवली नव्हती.

म्हणून तर मोरवा गावच्या धर्माजींनी बायकोचे, शालनबाईचे, धवले त्याच्या हवाली केले. हळदीपासून पाठवणीपर्यंत धवलारीण लग्नात जी गाणी म्हणते, ते धवले. शालनबाई गावातली शेवटची धवलारीण. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला, तो कायमचा. नशीब, त्याआधी सगळं रेकॉर्ड झालं होतं. ते होतं एका व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे मोठ्या सर्व्हरच्या पोटात चालणाऱ्या दुसऱ्या काँप्युटरवर. त्याची डिस्क लहान करून नव्या सर्व्हरवर हलवायची होती. नात सान्वीच्या लग्नात तेच वाजणार होतं.

काम नेहमीचं. लिनक्समध्ये आधी आतली फाईल सिस्टीम आवळायची, मग तिच्याभोवतीचा व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कवर तिला दिलेली जागा. आधी सामान आवरायचं, मग भिंत आत घ्यायची.

पण धर्माजी मानगुटीवर बसले. "दुपारी अमावस्या लागतेय रं! नवीन मशीन त्याच्या आधी चालू व्हायला पायजे."

त्या घाईत आमच्या ताक फुंकणाऱ्याने कॉपीच घेतली नाही, आणि भिंत आधी ओढली. डेटा जाऊ शकतो, चालेल का, असं स्क्रीनने विचारलंसुद्धा. त्याने हो म्हटलं! नव्या सर्व्हरवर मशीन अडखळलं तेव्हा दुरुस्तीची कमांड दिली, मशीन चालू झालं, हळदीचा धवला खणखणीत वाजला. धर्माजींनी नारळ फोडला. निकेतने जुना सर्व्हर पुसून टाकला.

संध्याकाळी सगळं घर ऐकायला बसलं. पाठवणीचा धवला लागला. चार ओळी झाल्या आणि आवाज तुटला. निकेतने पुढची फाईल उघडली, ती रिकामी. त्याच्या पुढचीही रिकामी.

"काकी, माझ्या हातून गेलं सगळं," तो कसाबसा म्हणाला. धर्माजी हातातली खोबऱ्याची वाटी धरून तसेच उभे राहिले.

शालनबाई रडली नाही की रागावली नाही. तिने शेजारी बसलेल्या सुनेच्या, चांदणीच्या, गुडघ्यावर थोपटलं. पुढचं तू म्हण, अशी खूण केली.

चांदणी म्हणाली, "मना न्हाय येत, आये. मशिनीत हाय ना, म्हणून शिकलीच न्हाय."

शालनबाईने सान्वीकडे पाहिलं, मग दारातल्या शेजारणींकडे. एकेकीने मान खाली घातली. डिस्क गेल्याचं ऐकूनही स्थिर राहिलेली ती बाई आता मात्र हबकली.

मग तिने डोळे मिटले आणि तुटला तिथून धवला उचलला. ओठ हलत राहिले, मान ठेक्यावर डुलत राहिली. पार शेवटच्या ओळीपर्यंत. निकेत त्या ओठांकडे बघत बसला, आणि त्याला एक शब्दही ऐकू येत नव्हता.