दुसरी चूल

सामाजिक संशोधक म्हटलं की लोकांना वाटतं, ही कुठेतरी मोठ्या टेबलापाशी बसून विचार करत असेल. कसलं टेबल अन् कसलं काय. म्हसरूळच्या भाड्याच्या खोलीतून सकाळी निघायचं, कळवणची एसटी धरायची आणि दिवसभर लोकांच्या ओट्यावर बसून विचारत राहायचं: घरात माणसं किती, जनावरं किती, जळण कुठून आणता. आमची संस्था जंगल राखायचं काम करते. झाडांचं बाकीचे बघतात, माणसांचं माझ्याकडे. गावोगावची इतकी माणसं मला ठाऊक, पण संध्याकाळी खोलीचं कुलूप काढलं की "आलीस का" म्हणणारं कुणी नाही. सवय होते म्हणतात. मला तरी झालेली नाही.

त्या वर्षी कळवणच्या पुढे, डोंगराला लागून असलेल्या एका गावात काम होतं. डोंगरावरची लाकूडतोड बंद करायची असं गावाने ठरवलं होतं, आणि त्या बदल्यात संस्था प्रत्येक घराला गॅसची शेगडी आणि सिलिंडर देणार होती. आता घर कशाला म्हणायचं? एका छपराखाली दोन भाऊ वेगवेगळं शिजवत असतील तर ती दोन घरं. म्हणून आम्ही छप्पर मोजत नाही, चूल मोजतो. जितक्या चुली तितक्या शेगड्या, इतका सरळ नियम.

गावाच्या वरच्या अंगाला एका घरी गेले तर नवरा-बायको रानात गेलेले. मागच्या पडवीत त्याची आई होती, सत्तरीच्या पुढची, वाळकी पण ताठ. "ये बाई, बस. जेवलीस का?" म्हणाली. किती दिवसांनी कुणीतरी मला हे विचारलं होतं. मी मान हलवली. तिने चहाचं आधण ठेवलं आणि फुंकणीने जाळ करता करता माझ्या प्रश्नांची उत्तरं देऊ लागली.

"चुली किती, आजी?"

"एकच," फुंकणी बाजूला ठेवत ती म्हणाली. "पोराची न् माझी एकच चूल हाय."

मी समोर पेटलेल्या चुलीकडे पाहिलं. शेजारी तवा, काठवट, पिठाचा डबा, भिंतीला टेकवलेलं एकच ताट. "मग ही?"

"ही व्हय? ही पाणी तापवायची."

काठवटीच्या कडेला सकाळचं पीठ वाळलेलं होतं. माझी नजर तिथे गेलेली तिला दिसली. तिने काठवट उचलून माझ्या नजरेआड ठेवली आणि चहात जरा जास्तच साखर घातली.

मी फॉर्मवर एक लिहिलं.

सांगतील तेच लिहायचं, पदरचं घालायचं नाही, असं आम्हाला शिकवलेलं असतं. त्याच्या आड लपणं सोपं होतं. शेवटी शेऱ्याचा रकाना होता, तिथे एक ओळ लिहिता आली असती. पण ही यादी पुढे चावडीवर मोठ्याने वाचली जाते. आईची चूल वेगळी असं अख्ख्या गावाने ऐकलं असतं, आणि तेच तर तिला नको होतं. मी तिची अब्रू राखतेय, असं स्वतःला पटवलं. खरं सांगू? मला त्या पडवीत पुन्हा यायचं होतं. तिला खोटं पाडून पुन्हा कुठल्या तोंडाने आले असते?

चावडीवर यादी मीच वाचली. तिच्या मुलाचं नाव आलं. माणसं तीन, चूल एक. मी थांबले. "कुणाचं काही राहिलंय का? आत्ताच सांगा, नंतर व्हायचं नाही." रोज सकाळी त्या पडवीतून धूर निघतो हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. शेजारच्या बाईने म्हातारीला कोपराने ढोसलं, तर तिने पदर आणखी पुढे ओढला. मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "वाचा ना मॅडम पुढं."

वाचलं पुढं. दुसरं काय करणार होते.

शेगड्या आल्या, तोडबंदी लागू झाली. मी ऑफिसात सरांना सांगितलं की एक चूल मोजायची राहिली. ते म्हणाले, तिला अर्ज करू दे, अंगठा तिचा, साक्ष मुलाची. चार महिन्यांनी दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा तो अर्ज माझ्या पिशवीत होता.

पडवीतली चूल स्वच्छ सारवलेली होती. आत राखसुद्धा नाही.

"आजी, इथे अंगठा द्या, शेगडी येईल."

"साक्ष कुणाची लागल?"

"मुलाची."

तिने कागद नीट घडी घालून परत माझ्या हातात दिला. तेवढ्यात सून आली, झाकलेलं ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि आमच्याकडे न बघता आत गेली. म्हातारीने भाकरीचे दोन तुकडे केले. एक ताटात ठेवला, एक फडक्यात बांधला. "संध्याकाळला व्हतो," म्हणाली.

मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. काहीतरी करायचं म्हणून मी फॉर्म काढला. दुसऱ्या फेरीतही तेच प्रश्न असतात. जळणासाठी डोंगरावर जाता का? नाय. ह्या उत्तराला आमच्याकडे यश म्हणतात. मी बरोबरची खूण केली. पुढचा प्रश्न विचारवत नव्हता, पण विचारला.

"चुली किती?"

"एकच." ह्या वेळी ती माझ्याकडे बघून बोलली. "मागल्या टायमाला तुझ्याशी खोटं बोलले व्हते बाई. लय दिस जीवाला लागलं व्हतं. आता नाय बोलावं लागत."